पोटचारी

माझ्या टेबलाच्या वरच्या खणात काळ्या दोऱ्याचं एक रीळ असतं. स्कॅन सेंटरमध्ये दोऱ्याचं काय काम, असं नवीन माणसाला वाटतं. पण जबड्याचा सीबीसीटी, म्हणजे हाड तिन्ही बाजूंनी दाखवणारा क्ष-किरणांचा स्कॅन, काढायचा तर खांद्याच्या वर धातू नको. कुड्या, नथ, चेन, चष्मा, केसांतल्या पिना, तारेची कवळी, सगळं उतरवायचं. बायका कुड्या काढतात, पिना काढतात आणि मंगळसूत्रापाशी अडतात. "एवढं राहू दे की हो बाई." ते राहिलं तर चित्रात पांढऱ्या रेघांचा पिसारा उठतो आणि नेमकं पाहायचं तेच त्याखाली झाकलं जातं. नुसती काळी पोत घाला म्हणावं तर मणी काचेचे, तेही उमटतात. मग आमची असिस्टंट हातभर दोरा तोडते, गळ्यात बांधून गाठ मारते. मंगळसूत्र मुठीत. हनुवटी टेकवायची, दातांत काडी धरायची, थुंकी गिळायची नाही, हलायचं नाही. यंत्राचा हात डोक्याभोवती एक फेरी मारतो. पंधराएक सेकंदांत काम संपतं. मंगळसूत्र परत गळ्यात जातं, पण बायका दोरा सोडत नाहीत, तसाच घेऊन घरी जातात. वर्षाला तीन-चार रिळं सहज लागतात.

मी दातांच्या डॉक्टरांमधली रेडिओलॉजिस्ट. दात काढत नाही, भरत नाही, कवळी बसवत नाही. दुसऱ्यांनी पाठवलेल्या जबड्यांत दिवसभर फिरते आणि काय दिसलं ते लिहून देते. आमच्या नातेवाइकांना हे काम अजून कळलेलं नाही. लग्नकार्यात कुणीतरी तोंड उघडून दाढ दाखवतंच.

आठ बाय आठ सेंटिमीटरचा स्कॅन आणि ०.२ मिलिमीटरची बारकाई धरली तर उभ्या उंचीत चारशे काप होतात. माऊसचं चाक फिरवत मी खालून वर येते. आधी हनुवटीची कड, मग जाड हाड, मग मुळांची टोकं, मग दात. खालच्या जबड्याच्या हाडात दोन्ही बाजूंना एकेक बोगदा असतो. जबड्याच्या मागच्या उभ्या भागात, आतल्या अंगाला एक भोक आहे. तिथून नस आणि रक्तवाहिन्या हाडात शिरतात, दाढांच्या मुळांखालून पुढे येतात आणि उपदाढांच्या खाली, बाहेरच्या बाजूच्या भोकातून खालच्या ओठाकडे निघतात. पेशंट नुसतं 'नस' म्हणतात आणि आपल्याला जबड्यात तेवढी एकच नस आहे असं समजतात. इम्प्लांटचा स्क्रू बसवायचा असेल तर तिच्यापासून निदान दोन मिलिमीटर अंतर ठेवायचं असतं, म्हणून प्रत्येक रिपोर्टात मी ती शेंदरी रंगाने आखते. एक ठिपका, दुसरा ठिपका, तिसरा. ठिपके जोडत संगणक नळी काढतो.

आणि कधीकधी शेंदरी रेघ ओढून झाली तरी हाडात काळसर काहीतरी उरतं. दाढांच्या मागे, मुख्य बोगद्याच्या वरच्या अंगाला केसाएवढी एक वाट. मी चाक मागे फिरवते. ती मुख्य बोगद्यातूनच फुटलेली असते आणि कमानीसारखी वर चढत अक्कलदाढेच्या मागे हाडाबाहेर उघडते. कधी ती मुख्य वाटेच्या बरोबरीने पुढे जाते आणि एखाद्या दाढेच्या मुळाशी संपते. पुस्तकी भाषेत हा दुभागलेला मॅन्डिब्युलर कॅनाल. माझ्या डोक्यात मात्र पहिल्यापासून एकच शब्द आहे, पोटचारी.

आमचं रान कृष्णा कालव्याच्या पाण्यावर. पाट, पाटाची चारी, चारीची पोटचारी आणि मग उसाची सरी. पाण्याची पाळी बहुतेक वेळा रात्रीची यायची. आण्णा दारं धरायला जायचे आणि सुट्टीत मीही मागे लागायची. एका रात्री त्यांनी खोऱ्याने माती ओढून दार बंद केलं, वर पाय देऊन दाबलं, तरी खालच्या सरीत पाणी येतच राहिलं. मला वाटलं दार नीट बसलं नाही. आण्णांनी दाराकडे पाहिलंसुद्धा नाही. म्हणाले, "दार बंद हाय. वरच्या अंगाला कुठंतरी फुटलंय. बॅटरी घे आन् कडंकडंनं वर जा बघत." मी गेले. वीसेक पावलांवर खेकड्याचं बीळ होतं. पाटातून बिळात आणि बिळातून आमच्या सरीत, आवाजसुद्धा न करता पाणी चाललेलं होतं.

बीडीएसच्या पहिल्या वर्षाला ॲनाटॉमी असते आणि तेव्हा प्रत्येकाकडे सीनियरकडून चालत आलेली हाडं असायची. दिवाळीच्या सुट्टीत मी खालचा जबडा अभ्यासाला घरी नेला, तर आजीने मला उंबऱ्याच्या आत घेतलं नाही. "कुणाचं मढं घेऊन आलीस गं?" जबडा गोठ्यातल्या कोनाड्यात राहिला आणि मी म्हशीशेजारी पोत्यावर बसून तो पाठ केला. खराट्याची काडी घेऊन एकेका भोकात घालायची, कुठून निघते ते पाहायचं. उपदाढेखालच्या भोकात काडी घातली. त्याच्या मागेच, पाचेक मिलिमीटरवर, आणखी एक बारीक भोक. त्यातही काडी गेली. पुस्तकात एका बाजूला एकच भोक होतं. मी पुस्तक पुन्हा पाहिलं, मग जबडा पुन्हा पाहिला, आणि माझ्या हातून काडीने हाड फुटलं असणार असं ठरवून गप्प बसले. तोंडी परीक्षेत सरांनी विचारलं, मेंटल फोरामेन किती? मी म्हटलं, एका बाजूला एक. मार्क मिळाले.

माणसाच्या जबड्याबद्दल पुस्तकावर विश्वास ठेवण्याची खोड जुनीच आहे. दुसऱ्या शतकातल्या गॅलेन या ग्रीक वैद्याने लिहून ठेवलं होतं की खालचा जबडा दोन हाडांचा असतो. त्याने फाडली होती जनावरं. तेराशे वर्षं युरोपातले वैद्य दोन हाडं शिकत आणि शिकवत राहिले. १५४३ साली व्हेसेलियस या शरीररचनेच्या अभ्यासकाने लिहिलं की माणसात ते हाड एकच आहे. मजा अशी की तान्ह्या बाळात गॅलेन बरोबर ठरतो. जन्मतः दोन भाग असतात आणि पहिल्या वर्षात हनुवटीपाशी सांधले जातात. आपल्याकडे हनू म्हणजे जबडा. इंद्राच्या वज्राने डावी हनू मोडली, म्हणून तो हनुमान. मोडली ती कुठे, कोनाशी की सांध्याशी, हा प्रश्न मला दर शनिवारी मारुतीपुढे पडतो. धंद्याची खोड, दुसरं काय.

आता जे सांगायचं आहे ते इंटर्नशिपमधलं. मावशी पन्नाशीच्या, सकाळच्या एसटीने आलेल्या. डावी खालची अक्कलदाढ किडून पोखरलेली, काढायची होती. मी इंजेक्शन दिलं. जबड्याच्या आतल्या बाजूला, नस हाडात शिरते त्या दाराशी औषध सोडायचं, म्हणजे पुढचं सगळं बधीर होतं. दहा मिनिटांनी विचारलं, ओठ जड झाला का? "झाला. सुजल्यागत वाटतोय." जीभ? "तीबी." हिरडीला टोचून पाहिलं, काही नाही. दाढेला हत्यार लावून जरा जोर दिला आणि मावशींनी माझं मनगट धरलं. "बाई, दुखतंय." मी म्हटलं, दाबल्यासारखं वाटेल, दुखणार नाही. "दाबल्यागत न्हाई. आत कुठंतरी दुखतंय." पुन्हा इंजेक्शन. पुन्हा तेच. सर आले, ओठ टोचून पाहिला, बधीर होता. म्हणाले, "मावशी, तुम्ही घाबरता फार." तिसऱ्या इंजेक्शननंतर, मावशींचे दोन्ही हात सिस्टरने धरलेले असताना, दाढ निघाली. कापसाचा बोळा दातांत धरून त्या माझ्याकडे बघत राहिल्या. बोलता येत नव्हतं. मी केसपेपर लिहिला. औषध किती दिलं ते लिहिलं आणि शेवटी दोन शब्द: पेशंट ॲप्रिहेन्सिव्ह. म्हणजे भित्रा.

इथे रास्त बोललं पाहिजे. इंजेक्शन लागू न पडण्याची कारणं बरीच आहेत आणि त्यांतली बहुतेक अगदी साधी. सुई दोन-चार मिलिमीटर इकडेतिकडे गेली, दाढेच्या मुळाशी पू आणि सूज होती, नवशिक्याचा हात होता. माझा हात नवशिकाच होता. पण ओठ जड होऊनही दाढ जागी राहते, त्याचं आणखी एक कारण आहे. काही माणसांत नसेचा एखादा धागा मुख्य दाराच्या अलीकडेच फुटतो आणि अक्कलदाढेच्या मागच्या बारीक भोकातून हाडात उतरतो. आपण दारावर औषधाचा बांध घालून बसतो आणि दुखणं वरच्या बिळातून सरीत येत राहतं. मावशींचा ओपीजी एक्सरे काढलेला होता. मी तो लाईटबॉक्सवर लावून पाहिलाही होता. त्यात एकच पाट होता.

ओपीजी म्हणजे कानापासून कानापर्यंतचा सगळा जबडा एका सपाट पट्टीवर अंथरलेला. गोल टोपली उलगडून भिंतीवर ठोकावी तसा. आतलं, बाहेरचं, मधलं एकावर एक पडतं, आणि बारीक वाटा त्या गर्दीत हरवतात. कधी उलटही होतं. जबड्याच्या आतल्या पृष्ठभागावर मायलोहायॉइड नसेची एक खाच असते, ती चपटी होऊन दुसऱ्या बोगद्यासारखी दिसते आणि नसलेली पोटचारी उभी राहते. १९८५ साली अमेरिकेत सहा हजार ओपीजी तपासले गेले, तेव्हा दुभागलेला बोगदा सत्तावन्न जणांत सापडला. शेकडा एकाच्याही आत. म्हणून आमच्या पुस्तकांत 'दुर्मिळ' असा शब्द पडला आणि आम्ही तो पाठ केला.

१९९८ मध्ये इटलीतल्या वेरोनामधून शंकूच्या आकाराचा क्ष-किरणांचा झोत वापरणाऱ्या दातांच्या स्कॅनरची माहिती छापून आली. जवळपास त्याच सुमाराला जपानमध्येही तसंच यंत्र तयार झालं. दवाखान्याच्या एका खोलीत मावेल एवढं यंत्र, एक फेरी आणि हाड तिन्ही बाजूंनी कापून पाहता येतं. लोक नव्याने मोजायला लागले. २००९ मधल्या एका जपानी पाहणीत शंभरात पासष्ट माणसांत दुभागलेला बोगदा निघाला. वर्षभराने दुसरी पाहणी, तीही जपानीच, आणि आकडा जबड्याच्या बाजूंमागे शेकडा पंधरा-सोळा. काहींनी माणसं मोजली, काहींनी बाजू, हे धरूनही एवढा फरक राहतो. माझ्या मते भांडण जबड्यांचं नाही, चारी कशाला म्हणायचं याचं आहे. केसाएवढी फाटसुद्धा धरायची, की ठसठशीत असेल तीच? यंत्राची बारकाई किती, पाहणारा दमला आहे का? मी स्वतः सकाळी अकराला ज्या वाटा पाहते, त्या संध्याकाळी सातला पाहीनच असं छातीवर हात ठेवून सांगणार नाही.

हे असं का होतं, याचा एक धागा गर्भात सापडतो. १९९६ मध्ये छापलेल्या एका अभ्यासात गर्भांचे जबडे तपासले होते. पुढच्या दातांसाठी एक नस, दुधाच्या दाढांसाठी दुसरी, कायमच्या दाढांसाठी तिसरी, अशा तीन वेगळ्या वाटा आधी असतात आणि हाड भोवती वाढत जाताना त्या एक होतात, असं त्यात मांडलं आहे. एक होणं जिथे अपुरं राहिलं, तिथे दोन बोगदे. क्वचित तीनही आढळले आहेत. हे वाचलं तेव्हापासून एकच नळी असलेला सरळसोट जबडा पाहिला की मला उलटंच नवल वाटतं. तीन पाट इतके बिनबोभाट एक झाले कसे? आमच्या गावात दोघा भावांचे होत नाहीत.

पोटचारी ही एकच भानगड नाही. वरच्या जबड्यात, नाकाच्या कडेने वेडीवाकडी वळणं घेत उतरणारी एक वाट आहे, कॅनालिस सायन्युओसस. फ्रेडरिक वुड जोन्सने १९३९ मध्ये तिचं वर्णन करून ठेवलं होतं, पण सपाट एक्सरेत ती सहसा दिसायची नाही. आता तिच्या फांद्या सुळ्याच्या मागे टाळूत उघडलेल्या दिसतात, आणि मुळाजवळचा तो काळा ठिपका पाहून कुणी रूट कॅनाल करायला निघालं तर त्याला थांबवावं लागतं. हनुवटीच्या आतल्या बाजूला मधोमध छोटी भोकं असतात, त्यांतून रक्तवाहिन्या हाडात जातात. तिथे इम्प्लांटचं ड्रिल हाडाच्या आतल्या भिंतीतून आरपार गेलं तर जिभेखाली रक्त साठून जीभच वर ढकलली जाते आणि श्वास कोंडतो. ही भोकं मी कधीही न मोजता सोडत नाही.

पण मला सगळ्यांत जवळचा वाटतो तो स्टाफ्नेचा खळगा. मागच्या पावसाळ्यात एक काका आले होते, बरोबर मुलगा. काकांची तंबाखू तीस वर्षांची. दुसऱ्याच दाढेसाठी ओपीजी काढला, त्यात जबड्याच्या कोनापाशी, नसेच्या खाली काळा लांबट गोल दिसला, आणि कुणीतरी बोलून गेलं की हाड खाल्लंय. आमच्या भागात तंबाखू आणि हाड खाणं हे दोन शब्द एकत्र आले की पुढचा शब्द कुणी उच्चारत नाही. मुलगा बाहेर फोनवर, "टाटाला नंबर लावायचा का" असं हळू आवाजात विचारत होता. काका आत आले, गळ्यातली चेन काढून माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "परत घालायची का न्हाई ते बघून सांगा."

स्कॅन उघडला. काप खालून वर. तो गोल हाडाच्या पोटात नव्हताच. जिभेच्या बाजूने हाडाला आत दाबल्यासारखी खळगी होती, ओल्या मातीत अंगठा टेकवावा तशी. कडा गुळगुळीत, भोवती पांढरी रेघ शाबूत, बाहेरची भिंत धडधाकट. मेयो क्लिनिकमधल्या एडवर्ड स्टाफ्नेने १९४२ मध्ये असे पस्तीस खळगे लिहून ठेवले. ते मुख्यतः मध्यमवयीन पुरुषांत दिसतात आणि त्यात बहुधा लाळेच्या ग्रंथीचा एक भाग येऊन बसलेला असतो. सीबीसीटीला मऊ मांस ओळखता येत नाही, तेव्हा आत काय आहे ते मी पाहिलं असं म्हणणार नाही. पण जागा, आकार आणि उघडं तोंड पुरेसं बोलत होतं. नियमाने मी रिपोर्ट त्यांच्या डॉक्टरांना द्यायचा असतो. त्या दिवशी आधी डॉक्टरांना फोन केला, त्यांना विचारून मग काकांना आत बोलावलं. चेन हातात दिली. म्हटलं, घाला. हा आजार नाही, काढायचं काही नाही, पुढे कधी ओपीजी काढाल तेव्हा जुन्याशी ताडून पाहायचा. तंबाखूचं मात्र वेगळं बोलायचंय. काकांनी स्क्रीनकडे बराच वेळ पाहिलं. "म्हंजे थुंकीची पिशवी हाडाला टेकून बसलीया?" जवळजवळ तसंच, म्हटलं. "कवापासनं?" बरीच वर्षं असेल. "आन् मी आठ दिवस जेवलो न्हाई!"

माझा स्वतःचा जबडा मी कधी पाहिलेला नाही. यंत्र बसवलं तेव्हा कंपनीच्या माणसाने प्लास्टिकची डमी लावून चाचणी घेतली. निव्वळ कुतूहलापोटी माणसावर क्ष-किरण सोडायचे नाहीत, हा आमचा पहिला नियम. ब्राउनश्वाइगच्या ओटो वाल्कहोफने जानेवारी १८९६ मध्ये स्वतःच्याच दातांचा फोटो काढण्यासाठी पंचवीस मिनिटं क्ष-किरण घेतले होते. त्या काळी कुणाला काही ठाऊक नव्हतं. माझ्या ॲप्रनला, अंगावर किती क्ष-किरण पडले ते टिपणारा टीएलडी बॅज लागलेला असतो, दर तीन महिन्यांनी तो मोजायला जातो. म्हणजे हजारो लोकांच्या चाऱ्या-पोटचाऱ्या आखून दिल्या आणि माझ्या उजव्या गालाआड एक पाट आहे की दोन, माहीत नाही.

गेल्या महिन्यात आण्णा आले. उजवीकडची खालची शेवटची दाढ दोन वर्षांपूर्वी गेली, तिथे इम्प्लांट बसवायचं ठरलं होतं. मी लांबणीवर टाकत होते, त्यांनीच धरलं. "ऊस खाता येत न्हाई, मग पिकवायचा कशाला?" गळ्यात तुळशीची माळ. असिस्टंटने सवयीने दोरा घेतला, मी नको म्हटलं. लाकडाचे मणी, खाली सदऱ्यात सारले की झालं. आण्णांनी हनुवटी टेकवली, काडी धरली आणि पंधरा सेकंद असे स्थिर राहिले की असिस्टंट म्हणाली, असा पेशंट रोज यावा.

दुसऱ्या खुर्चीवर बसवून त्यांना स्क्रीन दाखवला. शेंदरी ठिपके टाकत गेले. "हा मोठा पाट?" हो. मग दाढेच्या रिकाम्या जागेमागे मी हात थांबवला, दोन काप मागे गेले, तीन पुढे आले. वर चढणारी बारीक काळी वाट, मागच्या भोकात उघडलेली. मी काही बोलायच्या आत ते चष्मा वर करून पुढे झुकले.

"ही पोटचारी हाय."

"हो, आण्णा."

"मग इंजेक्शन मोठ्या पाटावर देऊन भागंल?"

कदाचित भागेल, म्हटलं. नाहीच भागलं तर दाढेच्या मागे इथे थोडं औषध वेगळं सोडावं लागेल.

"म्हंजे दोन दारं." त्यांनी मान हलवली. "त्या डॉक्टरला लिहून दे तसं. तोंडी सांगू नगंस, इसरतात."

मी लिहिलं. उजवी बाजू, दाढेमागे जादा वाट, व्यास एक मिलिमीटर. पेशंट दुखतंय म्हणाला तर तिथे वेगळं बधीर करावं. हे शेवटचं वाक्य रिपोर्टात बसत नाही, रेडिओलॉजिस्टने उपचार सांगायचे नसतात. ठेवलं तसंच. तोवर आण्णांनी माळ सदऱ्याबाहेर काढून सरळ केली होती आणि असिस्टंटला विचारत होते, आता च्या प्यालं तर चालतंय का.